उष्ट्या पत्रावळी

आमच्या गल्लीतली माणसं ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकली ती एका माणसाचं डोकं फुटल्यावर. त्याआधी महापालिकेनं भिंती रंगवून पाहिल्या, घंटागाडीवर भोंगा लावून गाणी वाजवली, घरोघरी एक हिरवा आणि एक निळा डबा वाटला. लोकांनी हिरव्या डब्यात ज्वारी भरली आणि निळ्यात पाणी साठवलं. कचरा होता तसाच एका पिशवीत राहिला. आता कुणी आमच्या गल्लीच्या स्वच्छतेचं कौतुक करायला लागलं की मला हसू येतं. हे कौतुक माझ्या आईनं लोखंडी उलथन्यानं मिळवलं आहे.

आई मूळची मुरूडची. लातूर जिल्हा नवानवा झाला होता तेव्हा ती लग्न होऊन इथं आली. वडील गेल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत आणि ओसरीवर मेस सुरू केली. लातूरला बाहेरगावची पोरं शिकवणीला येतात, डॉक्टर-इंजिनियर व्हायचं म्हणून दहा बाय दहाच्या खोल्यांत कोंबून राहतात, आणि त्यांना दोन वेळ जेवायला लागतं. आमच्याकडं तीसेक पोरं असायची. हिमायतनगरची, अर्धापूरची, उदगीरची. सगळे तिला काकू म्हणायचे. काकूच्या हातचं वरण पातळ आणि काकूचं तोंड तिखट, असं ती आपसात म्हणायची आणि दोन्ही खरं होतं. मी तेव्हा बी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसले होते, म्हणजे भाकरी थापत होते. आम्हा दोघींचं पोट त्या मेसवर होतं, दुसरं काहीही नव्हतं. मेसचं एक असतं. ती एक दिवस जरी बंद राहिली तरी पोरं मेन रोडवरच्या मोठ्या मेसला जातात, आणि गेलेलं पोरगं परत येत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या गल्लीत आठवड्याला एकदा टँकर यायचा, कधी तोही नाही. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी होती. पाण्यासाठी सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरताना मी पाहिल्या आहेत. त्या वर्षी कुणी कुणाला नुसतं बोलत नव्हतं, सगळे ओरडतच होते. अंगावर घामाचं मीठ साचलेलं, डोळे तांबारलेले, आणि भांडायला कारण काहीही चालायचं.

पाणी वाचवायचं म्हणून गल्लीनं भांडी घासणं सोडलं. घरोघरी कागदी पत्रावळी आल्या, त्या चंदेरी मुलाम्याच्या, आणि प्लास्टिकचे पेले आले. जेवा आणि फेका. दोन माणसांच्या घरातूनही रोज हातभर उंच गठ्ठा निघायला लागला. या उष्ट्या पत्रावळीचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. भात चिकटलेला, म्हणून सुक्यात चालत नाही. कागदाला प्लास्टिक, म्हणून ओल्यात चालत नाही. घंटागाडीवरची बाई पिशवी उघडून बघायची आणि दारातच परत ठेवायची. "पुसून द्या, खरकटं येगळं काडून द्या," म्हणायची. पाण्याच्या नावानं बोंब असताना पत्रावळ पुसत कोण बसणार? मग संध्याकाळी इकडंतिकडं बघून पिशवी गल्लीच्या तोंडावरच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावायची. सगळेच भिरकावायचे आणि सगळेच दुसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून विचारायचे, कोण टाकतंय ही घाण?

आमच्या घरात मात्र पत्रावळ आली नाही. आम्ही लिंगायत. माझ्या आजोबांच्या घरात गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय कुणी घास उचलत नसे, आणि दाखवलेलं अन्न प्रसाद झालं म्हणून ताटात शीतही ठेवत नसे. शेवटी ताटात थोडं पाणी घालायचं, बोटानं ताट फिरवून घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आईनं दुष्काळात हाच नियम सगळ्या मेसला लावला, जातपात न बघता. तुझ्या पेल्यातलं पाणी तुझ्याच ताटात ओत, धू, पी, आणि ताट पालथं घालून जा. मग आम्ही ताट राखेनं कोरडं घासून फडक्यानं पुसायचो. हिमायतनगरच्या पोराला पहिल्या दिवशी उमासा आला. "काकू, मी हे काय करून राहिलो," असं म्हणत त्यानं डोळे मिटून प्यायलं. अर्धापूरचा एक मुसलमान पोरगा मात्र म्हणाला, "हमारे में भी यहीच है, काकू. दाना नहीं छोडने का." आई त्या दिवसापासून त्याला पापुद्रा फुगलेली भाकरी बघून वाढायची. एवढ्या पोरांची मेस, पण आमच्या हिरव्या डब्यात कांद्याची सालं आणि मेथीच्या काड्या, बाकी काही नाही. त्याचा तिला फार गर्व होता आणि तो ती लपवत नव्हती. समोरच्यांच्या पत्रावळींकडं बघून ती मोठ्यानं नाक मुरडायची. गल्लीला हे आवडत नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

मग एका सकाळी टँकरवाल्यानं प्लॉटपाशी ब्रेक मारला, खाली उतरला आणि ओरडला, "ह्या उकिरड्यात काचा हायत. माजा टायर फुटला तर कोन देनार? ही घान उचला, न्हाईतर फुडच्या खेपंपासून टँकर म्होरच्या गल्लीत लावतो." त्या दिवशी त्यानं पाणी दिलं. पण टँकर गेला म्हणजे सगळंच गेलं.

आमच्या समोर एक आडते राहायचे. मोंढ्यात त्यांची तुरी-सोयाबीनची आडत होती. आई त्यांना भाऊजी म्हणायची, मी आडतकाका, आणि ते आईला वहिनी. वडील गेले तेव्हा तिरडी बांधायला पहिला हात त्यांचा होता, हेही सांगायला हवं. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा माणूस. त्या संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर माणसं जमली, मी ओसरीवरून ऐकत होते. हिशोब सरळ होता. ढिगात शेकड्यानं पत्रावळी आहेत. एवढी माणसं कुणाच्या घरी जेवतात? खानावळवालीच्या. आमच्या घरात एकही पत्रावळ नाही हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, याच गोष्टीवरून त्यांनी आईचे टोमणे खाल्ले होते. पण माणसाला दोषी सापडला की सुटल्यासारखं वाटतं. मग तो कोण आहे याला फार महत्त्व राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तव्यापाशी होती आणि मी बॅरलमधून पाणी काढत होते, म्हणून त्याचं झाकण उघडं होतं. आदल्या दिवशीच काठोकाठ भरलेला बॅरल, आठ दिवसांचं सगळ्या मेसचं पाणी. पोरं ओसरीवर ताटं घेऊन बसली होती. बाहेरून आरडाओरडा आला आणि आडतकाका घमेलं घेऊन थेट आत आले, चपलांसकट. मागं त्यांची बायको, सून आणि अर्धी गल्ली. घमेल्यात त्या ढिगातल्या पत्रावळी होत्या. आंबलेलं वरण, भातावर केसाळ बुरशी, अळ्या.

"घ्या वहिनी, तुमचा प्रसाद तुमाला!" असं म्हणून त्यांनी घमेलं उपडं केलं.

निम्मं आमच्या फरशीवर पडलं, थोडं पोरांच्या ताटांत, आणि उरलेलं बॅरलमध्ये. त्यांनी मुद्दाम टाकलं की घमेलं कलंडलं, यावर गल्लीत आजही दोन मतं आहेत. माझं एकच आहे.

मी बॅरलमध्ये पाहिलं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरत चालला होता आणि एक पत्रावळ हळूहळू बुडत होती. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. आई उठलेली आठवते. तिच्या हातात भाकरी उलटायचं लोखंडी उलथनं होतं, तव्यावरून नुकतंच उचललेलं, आणि ते तिनं आडतकाकांच्या कपाळावर आडवं मारलं. आवाज आला. कातडी चरचरल्याचाही आला. ते मागं सरले तसं तिनं पुन्हा मारलं, आणि दुसऱ्या वेळी भुवईच्या वर फुटलं.

मग सगळं एकदम झालं. त्यांची बायको आईच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. सुनेनं पिठाची परात लाथाडली. मी सुनेची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं खांबाला आपटलं. तिनं माझ्या मनगटाला असा चावा घेतला की दात टेकून राहिले. हिमायतनगरचं पोरगं मधे पडलं, त्याच्या तोंडावर कुणीतरी ताट फेकलं आणि त्याचा ओठ चिरला. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. किती तरी महिने रांगेत उभं राहून, शिव्या खाऊन, घागरी मोजून जे आत साचलं होतं ते हातांतून बाहेर पडत होतं. मी त्या सुनेला मारत होते तेव्हा तिचा मला काही राग नव्हता.

रक्तानं सगळे थांबले. आडतकाका आमच्या उंबऱ्यावर बसले होते आणि रक्त त्यांच्या डोळ्यांत उतरून धोतरावर टपकत होतं. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसला होता. त्यांच्या बायकोनं "पोलीस! पोलीस बोलवा!" असा टाहो फोडला.

"बोलवा," आई म्हणाली. "पन आदी माज्यासंगं या."

ती उलथनं तसंच हातात घेऊन प्लॉटवर गेली आणि ढिगात बसली. पदर खोचला आणि उघड्या हातांनी निवडायला लागली, तांदूळ निवडावेत तसं. भात एका बाजूला, कागद एका बाजूला. काच लागून बोट कापलं तरी थांबली नाही. हाताला काही सापडलं की ती उठायची, ज्याचं असेल त्याच्या दारावर नेम धरून फेकायची आणि पुन्हा बसायची. फेकताना प्रत्येकाला शिवी होती. त्या शिव्या मी इथं लिहीत नाही, पण मुरूडची बाई शिव्या देते तेव्हा त्यात काही शिल्लक ठेवत नाही.

गुलाबी पत्रावळींचा अख्खा गठ्ठा निघाला, शिऱ्यानं चिकट झालेला. आडतकाकांच्या नातीचं बारसं महिन्यापूर्वी झालं होतं आणि आम्ही सगळे तिथं त्याच गुलाबी पत्रावळींवर जेवलो होतो. गठ्ठा त्यांच्या दारावर फुटला. माळकरी म्हणून मिरवणाऱ्या एकाच्या दारात दारूची बाटली जाऊन फुटली, त्याच्या बायकोनं ती पाहिली आणि तिथंच नवऱ्याच्या थोबाडीत मारली. शिंप्याच्या चिंध्या निघाल्या, कुणाच्या केस काळे करायच्या डब्या निघाल्या, कुणाच्या पोराची नाव घातलेली वही. "हे कुनाचं गं? हे कुनाच्या बापाचं?" आई विचारायची आणि कुणीही उत्तर द्यायच्या आत फेकायची. पोलिसांचं नाव मग कुणी काढलं नाही. आडतकाका कपाळावर हळद दाबून कट्ट्यावर बसले होते. त्यांनीच बायकोला म्हटलं, "गप बस आता."

गल्लीच्या शेवटच्या खोलीत एक म्हातारी एकटी राहायची. गुडघे गेलेले. घंटागाडी तिच्या दारापर्यंत जात नसे, आणि भोंगा ऐकून ती गाडीपर्यंत पोचेस्तोवर गाडी निघून जायची. ढिगात तिची मशेरीची डबी निघाली, घासून घासून रंग उडालेली. ती डबी गल्लीत सगळ्यांना ओळखीची होती. आईनं ती हातात धरून क्षणभर पाहिली. मला वाटलं, ही ती बाजूला ठेवील. तिनं फेकली. डबी म्हातारीच्या उंबऱ्यावर ठण्णकन आपटली.

सगळं निवडून झालं तेव्हा आईचे हात कोपरापर्यंत घाणीनं आणि रक्तानं माखले होते. ते धुवायला पाणी नव्हतं. तिनं ते मातीत घासले आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"माज्या घरची एकबी पत्रावळ निघली का?" तिनं विचारलं. "मंग आइका. माजी पोरं दुपारी शिकवनीहून येतेत. त्येन्ला जेवाया न्हाई घातलं तर उद्या ती हितं येनार न्हाईत आन् आमा मायलेकीला भीक मागावी लागंल. माजा बॅरल मला भरून पायजे. ज्याची ज्याची घान निघली त्यानं एक एक घागर आनायची. आत्ता."

त्या वर्षी घागर मागणं म्हणजे काय मागणं होतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. सोनं मागितलं असतं तर लोक हसले असते. घागर मागितल्यावर सगळे पडलेले चेहरे घेऊन उभे राहिले. पण आईच्या हातात उलथनं होतं आणि आडतकाकांचं कपाळ सगळ्यांच्या समोर होतं. आम्ही नासलेलं पाणी संडासासाठी काढून घेतलं, बॅरल राखेनं घासून पुसला आणि ओसरीच्या कडेला आणून ठेवला.

पहिली घागर आडतकाका स्वतः घेऊन आले. वाकताना जखमेतून पुन्हा रक्त यायला लागलं, तसं त्यांनी मान मागं धरून पाणी ओतलं. मग एकेक घर आलं. शिंप्याच्या बायकोनं ओतताना रडून घेतलं. बाटलीवाल्याची बायको घागर घेऊन आली आणि आमच्या पायरीवर थुंकून गेली. सुनेनं पाणी असं ओतलं की निम्मं माझ्या अंगावर यावं, आणि आई गरजली, "सांडलं तेवडं परत आन." तिला परत जावं लागलं. बॅरल भरत होता, मी त्यात डोकावून बघत होते. दुपारचं वरण, उद्याच्या भाकऱ्या, परवाचं पिठलं, असं मला त्यात दिसत होतं.

शेवटी म्हातारी आली. भिंतीला धरून, दोन पावलं टाकून थांबत, एका हातात लहान घागर कमरेशी दाबून. ती अर्धीच भरलेली होती. तिच्याकडं एवढंच असायचं. टँकरच्या गर्दीत तिला कुणी उभं करत नव्हतं, ज्याला दया येईल तो तिच्या घागरीत थोडं ओतायचा. बहुतेक वेळा मीच ओतायचे. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं आपल्या दारात पडलेली डबी पाहिली होती आणि सगळे ओतताहेत तर आपल्यालाही ओतावं लागणार, असं समजून ती आली होती.

"आई, राहू दे," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "डबी निघली का न्हाई तिची?" ती म्हणाली.

"अगं, एवढंच आहे तिच्याकडं."

"माज्याकडं काय हाय?"

तिनं म्हातारीच्या हातातून घागर घेतली आणि बॅरलमध्ये ओतली. ओतून झाल्यावर ती पालथी धरून ठेवली, थेंब गळायचे थांबेपर्यंत. म्हातारी रिकाम्या हातांनी उभी होती. मग आईनं घागर तिच्या हातात परत दिली आणि ती आली तशीच भिंतीला धरून निघून गेली. गल्लीत एवढी माणसं उभी होती, मी होते, कुणीही तिच्या घागरीत घोटभर ओतलं नाही.

दुपारी पोरं आली. फाटलेल्या ओठाचंही आलं. वरण वेळेवर झालं होतं, थोडं नेहमीपेक्षा घट्टच. त्या दिवशी एकही पोरगं मोठ्या मेसला गेलं नाही, आणि पुढंही नाही; गल्लीतलं खरकटंही दुसऱ्या दिवसापासून हिरव्या डब्यात आणि पुसलेली पत्रावळ निळ्यात पडायला लागली. पोरं उठल्यावर आईनं माझं ताट वाढलं. मला तिची इतकी लाज वाटत होती की तिच्याकडं बघवत नव्हतं. संतापही आला होता. आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. मी मान खाली घालून बसले आणि पोट भरेपर्यंत जेवले.